धबधब्याला १० स्टॉपचा फिल्टर कशाला? दिवसाउजेडी लाँग एक्सपोजरबद्दल सविस्तर उत्तर

लाँग एक्सपोजर म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो. त्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप (लहान मापाच्या) सेन्सरचा डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स आणि नवाकोरा १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी काळी काच; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. श्रावणात दुपारी साताऱ्याजवळच्या ठोसेघर धबधब्याला जाऊन ट्रायपॉडवरून फोटो काढले: एफ/२२ (लेन्सचं छिद्र अगदी बारीक), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ३० सेकंद. धबधब्याचा नुसता पांढरा पट्टा आला, झाडी फिसकटली, हिरवा रंग तपकिरी पडला आणि दोन-तीन फोटोंत वरच्या बाजूला जांभळट डाग आले. फिल्टर भिकार निघाला का, दुसरा कोणता घ्यावा, आणि दिवाळीत कोकणात जायचंय तिथे हाच चालेल का?

फिल्टरवर लगेच खापर फोडू नका. चार तक्रारींपैकी तीन तक्रारींचा फिल्टरच्या दर्जाशी काही संबंध नाही. मूळ गडबड त्या ३० सेकंदांत आहे. तुम्ही आधी फिल्टर घेतला आणि मग तो म्हणेल तेवढा वेळ पाण्याला दिलात. हा क्रम उलटा हवा. आधी पाणी बघायचं, त्याला किती वेळ द्यायचा ते ठरवायचं, आणि मग तेवढ्या वेळेपर्यंत नेणारा फिल्टर लावायचा. कधी कधी कुठलाच लावायचा नाही.

पाण्याचा वेग किती असतो ते जरा हिशोबाने बघू. कड्यावरून सुटलेलं पाणी ५ मीटर खाली येईपर्यंत सेकंदाला साधारण १० मीटरचा वेग घेतं. हवेचा अडथळा सोडून दिला तर २० मीटर खाली तोच वेग २० मीटरच्या घरात जातो. म्हणजे १/४ सेकंद शटर उघडं राहिलं तर पाण्याचा एकेक थेंब फोटोत अडीच ते पाच मीटर लांबीची रेघ ओढतो. रेशमी पोत यायला एवढं पुरेसं आहे. आता त्याच धबधब्याखालचा ओढा घ्या. तिथलं पाणी सेकंदाला मीटरभर सरकत असेल तर १/४ सेकंदात जेमतेम वीतभर रेघ उमटेल आणि फोटो नुसता हललेला वाटेल. त्याला दोन-तीन सेकंद द्यावेच लागतील. ‘धबधब्याला अमुक सेकंद’ असं कोष्टक कुणी दिलं तर त्याला पहिला प्रश्न विचारा, कुठला धबधबा, किती लांबून आणि कुठल्या महिन्यातला.

महिना मी गमतीने म्हणत नाही. श्रावणात ठोसेघरला पाणी इतकं असतं की धार म्हणून वेगळी दिसतच नाही, सगळा कडा फेसाळलेला. सेन्सरवरच्या एका पिक्सेलच्या बाजूने विचार करा. ३० सेकंदांत त्या जागेवरून जे जे गेलं त्या सगळ्याची सरासरी त्याच्याकडे जमा होते. थोडा वेळ फेस आणि थोडा वेळ काळा खडक असं दिसलं तर मधली राखाडी छटा येते आणि त्या छटांतूनच धारांचा पोत तयार होतो. पण सगळा वेळ फेसच गेला तर सरासरीही पांढरीच. शेजारचा पिक्सेल पांढरा, त्याच्या शेजारचाही पांढरा. हाच तुमचा पट्टा. म्हणून भरपूर पाणी असेल तेव्हा वेळ कमी ठेवायचा, १/८ ते १/२ सेकंद, म्हणजे धारा एकमेकींपासून सुट्या राहतात. कार्तिकात पाणी उतरून चार-सहा बारीक धारा उरल्या की एक-दोन सेकंद खुशाल द्या, तिथे मधला बसाल्ट उघडा असतो. जास्त पाण्याला जास्त वेळ लागत असेल असं नवशिक्यांना वाटतं, प्रत्यक्षात नेमकं उलट आहे.

पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्याचं आणखी वेगळं. जांभ्या दगडाच्या मुलखातून, म्हणजे आंबोलीपासून खाली कोकणात, जूनच्या सुरुवातीला उतरणारं पाणी लाल असतं. त्याला लांब एक्सपोजर दिलं की खाली डोहात चक्क दुधाचा चहा ओतल्यासारखा दिसतो. काहींना तो रंग आवडतो. मला नाही आवडत, मी तिथे १/२५० ठेवून उसळी गोठवतो आणि लाँग एक्सपोजर जुलैच्या मध्यापर्यंत लांबणीवर टाकतो.

आता तुमच्या आकड्यांतून उलटा हिशोब करू. एफ/२२ आणि १० स्टॉप घालून ३० सेकंद, म्हणजे फिल्टरशिवाय एफ/२२ ला साधारण १/३० सेकंद. १० स्टॉप म्हणजे प्रकाश १०२४ पट कमी, त्यामुळे ३० ला १०२४ ने भागलं की झालं. त्याच उजेडात एफ/११ ला १/१२५ आलं असतं. तिथून ६ स्टॉप बोटांवर मोजा: १/६०, १/३०, १/१५, १/८, १/४, १/२. अर्धा सेकंद! त्या दिवशीच्या ठोसेघरला नेमका हवा होता तेवढा. ढग दाटून आले असते तर ६ स्टॉपही जास्त झाले असते, तिथे ३ स्टॉप किंवा नुसता पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर, त्याबद्दल पुढे) भागवतो. सह्याद्रीतल्या पावसाळी धबधब्याला १० स्टॉपचा फिल्टर बॅगेतून बाहेर काढायची वेळ फार क्वचित येते.

एफ/२२ तुम्ही प्रकाश कमी करायला वापरला असणार. ती सवय सोडा. छिद्र जितकं बारीक तितका प्रकाश त्याच्या कडांवर जास्त पसरतो, आणि बिंदूचा बिंदू न राहता ठिपका होतो. एफ/२२ ला त्या ठिपक्याचा व्यास सुमारे ३० मायक्रॉन असतो. तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आहे ४ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे पानाचं प्रत्येक टोक सात-आठ पिक्सेलवर पसरलं. एफ/८ ला तोच ठिपका ११ मायक्रॉनच्या आत राहतो. क्रॉप सेन्सरवर एफ/८ ते एफ/११ च्या पुढे सहसा जाऊ नका, अगदी अडलं तर एफ/१६. एफ/२२ चा आणखी एक त्रास म्हणजे सेन्सरवरची धूळ मोकळ्या आकाशात ठिपके होऊन हजेरी लावते.

झाडी फिसकटण्यात एफ/२२ चा वाटा आहेच, बाकीचं काम वाऱ्याने केलं. ठोसेघरच्या वरच्या अंगाला चाळकेवाडीचं पठार आहे आणि तिथे पवनचक्क्या काही उगाच उभ्या केलेल्या नाहीत. श्रावणात त्या दरीत ३० सेकंद पान न हलता राहील ही अपेक्षाच चुकीची. अर्ध्या सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये निदान दोन झुळकांच्या मधली उसंत साधता येते. तीही मिळत नसेल तर ट्रायपॉड न हलवता दोन फोटो घ्या. पहिला फिल्टर लावून पाण्यासाठी, दुसरा फिल्टर काढून आयएसओ ४००-८०० आणि १/२५० ला पानांसाठी, आणि घरी दोन्ही थर एकावर एक ठेवून पाणी तेवढं पहिल्यातून घ्या. फिल्टर काढताना लेन्सची झूम रिंग किंचितही फिरू देऊ नका, नाहीतर दोन्ही फोटो जुळत नाहीत. शिवाय धबधबा बघायच्या गॅलरीत कठड्याला टेकवलेला ट्रायपॉड शेजारचा माणूस कठड्यावर रेलला तरी हलतो. ट्रायपॉड कठड्यापासून सुटा ठेवा, मधला दांडा वर काढू नका, आणि घोळका पुढे सरकेपर्यंत थांबा.

तपकिरी रंगाची गोष्ट मात्र खरोखर फिल्टरची आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. स्वस्त काळी काच दिसणारा प्रकाश हजार पटीने अडवते, पण डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड बराचसा तसाच जाऊ देते. एरवी सेन्सरपुढची काच इन्फ्रारेड अडवते. तिच्यातून थोडा निसटतो, पण भरपूर दृश्य प्रकाशापुढे तो कुणाला जाणवत नाही. दृश्य प्रकाश हजार पट कमी झाला की तोच चोरटा इन्फ्रारेड डोईजड होतो. त्यात हिरवं पान इन्फ्रारेड जोरात परावर्तित करतं आणि पाणी तो शोषून घेतं. म्हणून झाडी तपकिरी-लालसर झाली आणि पाणी ठीक राहिलं. व्हाइट बॅलन्स बदलून हे पुरतं सुटत नाही, कारण तो सगळ्या फोटोला एकाच दिशेने ढकलतो: झाडी सुधारली की पाणी निळं पडतं. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) फोटो असेल तर फक्त नारिंगी-पिवळ्या छटांचा रंग हिरव्याकडे सरकवून बरंच सावरता येतं. फिल्टरमुळे सगळा फोटो सारखाच निळसर येणं हा वेगळा आणि किरकोळ दोष आहे, तो व्हाइट बॅलन्सने जातो.

जांभळट डाग बहुधा मागच्या व्ह्यूफाइंडरमधून आले. डीएसएलआरला डोळा लावलेला नसला की तिथून प्रकाश आत शिरतो. साध्या फोटोत त्याने काही बिघडत नाही, पण पुढून हजारावा हिस्सा प्रकाश येत असताना मागून आलेली तिरीप ठळक उमटते. काही कॅमेऱ्यांच्या पट्ट्यावर रबराची एक छोटी टोपी असते, ती याच कामाची. नसेल तर काळी चिकटपट्टी किंवा टोपीखाली बांधायचा रुमाल चालतो. मिररलेस कॅमेऱ्यात ही भानगडच नाही. डाग तरीही राहिले तर चौकोनी फिल्टरच्या होल्डरची फट तपासा, तुमचा गोल फिल्टर असेल तर तो प्रश्न येत नाही.

आता पुढच्या वेळी जागेवर काय करायचं. फिल्टर न लावता ट्रायपॉडवर फ्रेम नक्की करा, फोकस घ्या आणि फोकस मॅन्युअलवर टाका. काळा फिल्टर लावल्यावर ऑटोफोकस चाचपडत बसतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा, ट्रायपॉडवर काही लेन्सेस नसलेलं हलणं दुरुस्त करायला जातात. एक्सपोजर मॅन्युअलवर घ्या आणि फिल्टरशिवाय एक चाचणी फोटो काढा. या फोटोत पाण्याचे सर्वांत उजळ भाग जळता कामा नयेत. स्क्रीनवर लुकलुकणारा इशारा चालू ठेवा आणि तो धबधब्यावर दिसेनासा होईपर्यंत शटरचा वेळ कमी करत जा. ओला बसाल्ट काळाकुट्ट दिसेल, दिसू द्या, रॉ मधून सावल्या उचलता येतात. जळालेल्या फेसातून काही परत येत नाही. मग फिल्टर लावा, स्टॉप मोजा, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबणारी वायर) किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरा. एकच फोटो काढून निघू नका. १/८ पासून २ सेकंदांपर्यंत दुपटीने पाच फोटो घ्या आणि स्क्रीनवर मोठे करून बघा. धारांमधल्या काळ्या रेषा जिथे पुसायला लागतात त्याच्या एक पायरी अलीकडचा फोटो सहसा जमलेला असतो.

पोलरायझरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण धबधब्यावर माझ्या लेन्सवर पहिला मान त्याचा. ओल्या खडकावर आणि ओल्या पानांवर आकाशाची जी पांढरी चकाकी असते ती तो काढतो, आणि खडकाचा काळा व शेवाळाचा हिरवा खाली दिसायला लागतो. कुठल्याही सॉफ्टवेअरला हे नंतर जमत नाही. वर तो दीड-दोन स्टॉप प्रकाशही खातो, म्हणजे हलका एनडी फुकटात. फिरवताना आकाशाकडे बघू नका, ओल्या खडकाकडे बघा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिलं तर परावर्तन सर्वांत जास्त कापलं जातं, अगदी सपाट नजरेने किंवा सरळ वरून पाहिलं तर फारसा फरक पडत नाही. एक सावधगिरी: तुषारांत इंद्रधनुष्य पडलं असेल तर पोलरायझर चुकीच्या बाजूला फिरवून ते साफ गायब करता येतं, कारण इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो. नव्वद अंश फिरवलं की तेच आणखी ठसठशीत होतं. दुपारी सूर्य डोक्यावर असताना ते समोर दिसत नाही, पण गॅलरीतून खाली दरीत डोकावलं तर तुषारांत सापडू शकतं.

तुषारांवरून आठवलं. धबधब्यासमोर दहा सेकंदांत काच ओली होते आणि लाँग एक्सपोजरमध्ये प्रत्येक थेंबाचा धुरकट डाग पडतो. लेन्सचं तोंड खाली करून तयारी करा, छत्री सोबत्याच्या हातात द्या, आणि शटर दाबायच्या आधी शेवटची गोष्ट म्हणून काच पुसा. कोरडी मायक्रोफायबर दोन-तीन असू द्या, एक भिजली की संपली. घरी आल्यावर लेन्स ओल्या बॅगेत ठेवून झोपू नका. आपल्या पावसाळी हवेत काचेत बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा खर्च कुठल्याही फिल्टरच्या आधी करायचा.

आणि एक जिवाची गोष्ट. लाँग एक्सपोजर काढणारा माणूस ओढ्यात उभा राहून मान खाली घालून स्क्रीन बघत असतो, आणि वर डोंगरात पाऊस पडला की पाणी मिनिटांत चढतं. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की ट्रायपॉड राहिला तरी चालेल पण आधी काठावर या. पावसाळ्यात बऱ्याच धबधब्यांवर जिल्हा प्रशासन बंदी घालतं, निघण्यापूर्वी चौकशी करा.

आता कोकण. इथे तुमचा १० स्टॉपचा फिल्टर कामाला येईल, पण पहिला विचार फिल्टरचा नाही, भरतीचा. दिवाळीत जाणार म्हणजे अमावस्येच्या आसपास, म्हणजे उधाण. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या पंधरावी म्हणून सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्या, पण अंदाज पक्का बसतो. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या सुमारास भर दुपारी पाणी चढलेलं आणि सकाळ-संध्याकाळी खडक उघडे. कार्तिक शुद्ध अष्टमीला याच्या उलट, दुपारी ओहोटी. काळ्या खडकांच्या मधून फिरणारं पाणी दुपारच्या उन्हात टिपायचं असेल तर अष्टमीच्या मागेपुढे जा. सूर्यास्ताच्या उजेडात तेच हवं असेल तर अमावस्या उत्तम. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवरचे पाण्याने कोरलेले खडक ओहोटीतच गाठायचे आणि पाणी फिरायच्या आत वर यायचं, तिथल्या लाटांचा भरवसा नाही.

समुद्राला दोनच वेळा शोभतात असं माझं मत आहे. पहिली अर्ध्या ते एक सेकंदाची. लाट फुटून परत ओढली जाऊ लागली की शटर दाबायचं, म्हणजे फेसाच्या रेघा खडकांमधून आत खेचल्यासारख्या येतात. लाट येताना दाबलं तर नुसता पांढरा गोळा. दुसरी वेळ दोन ते चार मिनिटांची, सगळा समुद्र सपाट आणि ढग ताणलेले. मधले ५ ते १५ सेकंद ना धड पोत ना धड सपाटी, आणि दिवसा उन्हात १० स्टॉपचा फिल्टर तुम्हाला नेमका तिथेच नेऊन सोडतो. हिशोब बघा: स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि एफ/११ ला शटर १/२०० ते १/२५०. त्यावर १० स्टॉप म्हणजे ४-५ सेकंद, बस्स. चार मिनिटं हवी असतील तर ६ आणि १० एकावर एक लावून १६ स्टॉप करावे लागतात, म्हणजे १/२५० चे सव्वाचार मिनिटांच्या वर. १८ मिलिमीटरला दोन फिल्टरच्या कडा कोपऱ्यांत दिसतील, २४ च्या पुढे झूम करा. सूर्य मावळतीला टेकला आणि फिल्टरशिवाय १/१५ यायला लागलं की मग एकटा १० स्टॉप ६८ सेकंद देतो. तुमच्या फिल्टरची खरी वेळ ती.

३० सेकंदांच्या पुढे बल्ब मोड (बटण दाबलेलं असेल तोवर शटर उघडं) आणि केबल रिलीज लागेल. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (फोटोतला नॉइज, म्हणजे नको असलेले ठिपके, काढणारी सोय) चालू असेल तर चार मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी चार मिनिटं बंद शटरने काळा फोटो घेतो. स्क्रीन अडकली म्हणून बॅटरी काढू नका. संध्याकाळचा उजेड झपाट्याने जात असताना मी ते बंद ठेवतो आणि चमकणारे ठिपके घरी काढतो.

वाळूत ट्रायपॉड प्रत्येक लाटेला थोडा थोडा खचतो. पाय दाबून खोल रुतवा किंवा सरळ खडक शोधा. परत आल्यावर पायांचे जोड उघडून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या वर्षी ते उघडणार नाहीत. नांगरलेल्या होड्या फ्रेममध्ये घ्यायचा मोह हर्णैसारख्या बंदरात सगळ्यांनाच होतो, पण होडी सतत डुलते आणि मिनिटभराच्या फोटोत तिची भुतं होतात. ओहोटीला चिखलात टेकलेली होडी निवडा. ती हलत नाही.

फिल्टर न घेताही बरंच साधता येतं. ट्रायपॉडवरून एकाच फ्रेमचे १/२ सेकंदाचे १६ फोटो सलग काढून फोटोशॉपमध्ये त्यांची सरासरी घेतली तर ८ सेकंदांच्या एक्सपोजरसारखं पाणी मिळतं, वर नॉइज चौपट कमी होतो. मात्र सुट्या फोटोंचा वेळ फार कमी ठेवला, समजा १/२५०, तर रेघांऐवजी तुटक ठिपके दिसतात. ऑलिम्पसने २०१९ च्या ई-एम१एक्स पासून हेच काम कॅमेऱ्याच्या आत करायला सुरुवात केली, त्याला ते लाइव्ह एनडी म्हणतात. आयफोनवर लाइव्ह फोटोला ‘लाँग एक्सपोजर’ इफेक्ट देता येतो तेही याच तत्त्वावर, आणि जागेवर अंदाज घ्यायला ते बेष्ट आहे. निघोजच्या कुकडी नदीतल्या रांजणखळग्यांत मी आधी फोनवर बघतो की फेस गोल फिरतोय का. फेस किंवा पाला तरंगत नसेल तर पाणी कितीही गरगरत असो, फोटोत काही उमटत नाही. फेस असेल तर २० सेकंदांत पूर्ण वर्तुळं येतात.

खरेदीचं सांगतो. पोलरायझर आणि ६ स्टॉपचा एनडी घ्या, १० चा तुमच्याकडे आहेच. ३ स्टॉपचा सध्या नको. फिरवून गडद करायचा व्हेरिएबल एनडी व्हिडिओवाल्यांना सोयीचा आहे, पण आत दोन पोलरायझर असतात आणि वाइड लेन्सवर गडद बाजूला फुलीसारखी काळी छाया पडते. लेबल नीट वाचा: ६ स्टॉप म्हणजे एनडी६४ किंवा १.८, आणि १० स्टॉप म्हणजे एनडी१००० किंवा ३.०. एनडी४०० साडेआठच्या किंचित वर भरतो. यांतला कुठलाही लावून सूर्याकडे व्ह्यूफाइंडरमधून बघायचं नाही, डोळ्यांना तो पुरेसा नाही. फिल्टर किट लेन्सच्या मापाचा न घेता ७७ मिलिमीटरचा घ्या आणि खाली स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा, लेन्स बदलली तरी तो टिकेल. पावसात रिंग घट्ट बसली तर चिमटीत दाबू नका, दाबलं की आकार बिघडून आणखी आवळते. भोवती रुंद रबरबँड गुंडाळून सगळ्या बोटांनी हलकेच फिरवा.

नवा फिल्टर आला की दोन चाचण्या घरीच करा. खिडकीच्या एकसारख्या उजेडात भिंतीचा फोटो आधी विना फिल्टर आणि मग फिल्टर लावून, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) त्याच जागी येईपर्यंत शटरचा वेळ वाढवत. १० लिहिलेला साडेनऊ किंवा साडेदहाही निघतो. जो निघेल तो आकडा डबीवर पेनने लिहून ठेवा आणि यापुढे तोच धरा. दुसरी चाचणी उन्हात: काळी सिंथेटिक पिशवी किंवा ट्रॅकपँट ठेवून फिल्टर लावून फोटो काढा. कापड काळंच राहिलं तर ठीक, मरून दिसलं तर इन्फ्रारेड गळतोय. तुमच्या १० स्टॉपवरही हीच चाचणी करा. मरून आलं तरी तो समुद्रावर, जिथे हिरवं काही नाही, बिनधास्त चालेल. ६ स्टॉपचा नवा तसा निघाला तर मात्र बदलून घ्या.